भागीवयनीने बुडवलेली होडी

हल्ली कोणीही उठतो आणि मला विचारतो, "बाबलीकाका, लाकडाची होडी कशी बांधायची?" पर्यटकांसाठी खोल्या काढलेला एक जण विचारून गेला. त्याला ती अंगणात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती. कॉलेजची पोरं मोबाईल तोंडासमोर धरून विचारतात. मी घसा खाकरतो, पाय लांब करतो आणि सुरू होतो. फळी फणसाची घ्या, बरगड्या उंडीच्या घ्या, खिळा मारायच्या आधी गिरमिटाने भोक पाडा. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा मोठा जाणकार. थोडा वेळ मलाही तसंच वाटतं.

मग भागीवयनी आठवते आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. कारण मी जे सांगतो त्यातलं एक अक्षर माझं नाही. माझी स्वतःची विद्या म्हणाल तर एकच, होडी बुडवायची कशी. आणि तीसुद्धा मी चुकीची शिकलो होतो, ती तिने सुधारून दिली.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढे मी कंटाळलो की मास्तर कंटाळले, हे अजून ठरलेलं नाही. तेव्हा लिहिण्यात चुकलं-माकलं तर ते मास्तरांच्या नावावर घाला.

भागीवयनी म्हणजे आमच्या बापू मेस्त्रीची बायको. बापू माझा दोस्त, माझ्याहून थोडा मोठा, म्हणून ती वयनी आणि मी भावजी. आमच्या खाडीवरच्या निम्म्या लाकडी होड्या बापूने बांधलेल्या. पण बापू फक्त लाकडाचा धनी. दोन फळ्यांच्या मधला सांधा तिच्या ताब्यात. कापूस पिंजून त्याची वात वळायची, राळ कुटून तेलात शिजवायची, वात सांध्यात बसवून वरून राळ भरायची, हे सगळं ती करायची. बसायची मात्र अशी, की बघणाऱ्याला वाटावं होडी तीच बांधते आणि बापू तिच्या हाताखाली कामाला आहे. बापूच्या प्रत्येक घावावर तिचं काहीतरी म्हणणं असायचं. बापू वैतागून म्हणायचा, "एका घरात दोन मेस्त्री झाले तर होडयेक दोन तोंडा फुटतली." ती म्हणायची, "फुटांदेत. एक तरी बरोबर दिशेक जायत."

बापू गेला तरी हे भांडण थांबलं नाही. त्याचा वाकस ती पडवीच्या भिंतीला लावून ठेवायची आणि येता-जाता त्याला ऐकवायची. लाकूड तासायचं ते हत्यार, त्याचा दांडा बापूच्या हाताने गुळगुळीत झालेला. मी एकदा तो मागितला. म्हणाली, "भावजीनू, घोव मागलात आसता तर उसनो दिलंय आसतंय. वाकस गावाचो नाय." नवऱ्यापेक्षा हत्यार जपणारी बाई.

तिची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. ती बोटाच्या पेराने सगळ्यावर टकटक करायची. नारळावर, भोपळ्यावर, दारावर, मडक्यावर. लेकीसाठी स्थळ बघायला गेली तिथे मुलाच्या घराचे खांब वाजवून बघितले आणि घरी येऊन मुलाबद्दल सांगितलं, "झील बरो आसा, पण घराक वाळवी." लग्न झालं, आणि पुढे जावयाने तो खांब बदलला. माझ्या जावयाने फायबरची होडी घेतली तेव्हा सगळा गाव हात फिरवून कौतुक करत होता. ही आली, टकटक केली, कान लावला आणि म्हणाली, "ही बोलणा नाय. बादली आसा ही. पण बादली फुटणा नाय, ह्या खरा." फायबरचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

जावयाचं नाव आलंच आहे तर माझी कथा सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी जुनी होडी कुजून गेली होती. बापू नव्हता, आणि लाकडाची होडी बांधणारा दुसरा कोणी उरला नव्हता. एकदा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. तिथे माझा जावई संदीप सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बाबांनू, आता माझ्या होडयेत येवा. फुडे निवांत बसा. तुमका उशी घालतंय."

उशी! लिलावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पोरगा मनाने चांगला आहे, हाच त्याचा दोष. वाईट असता तर मी ऐकूनही घेतलं असतं.

मी म्हणालो, "तुझ्या त्या टबात मी पाय ठेवचंय नाय. नारळी पुनवेक माझी होडी पाण्यात आसतली. लाकडाची. माझ्या हातची."

"आणि नाय झाली तर, बाबलीकाका?" कोणीतरी मागून विचारलं.

"नाय झाली तर जाळी इकतलंय आणि घराक बसतलंय."

बोलून गेलो. घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं आणि जाळी मोजायला बसली, तेव्हा कळलं आपण काय पणाला लावलं ते. खाडीत जाळं टाकण्याव्यतिरिक्त मला काही येत नाही. घरी बसलो असतो तर महिन्याभरात बायकोने मला होडीसारखं उलटं करून ठेवलं असतं.

सासुरवाडीच्या बागेत फणसाचं एक जाडजूड खोड पडलेलं होतं. ते टेम्पोत घालून मी वाजतगाजत आणलं. भागीवयनी काठी टेकत आली. तीन-चार जागी टकटक केली.

"भावजीनू, ह्या आतून पोकळ आसा."

"वयनी, तुमच्या कानाक आता कमी आयकाक येता."

"तुमचा बोलणा बरोबर आयकाक येता माका. ता पण पोकळच लागता."

गिरणीत खोड उभं चिरलं तर आतून काळा भुसा आणि मुंग्यांचं अख्खं गाव बाहेर आलं. मी तिला सांगितलं, अर्धं तरी चांगलं निघालं. ती म्हणाली, "मगे अर्धी होडी बांदा."

तर लाकूड घेताना आधी वाजवा. चांगलं लाकूड खणकन बोलतं, किडलेलं भद्द करतं. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं घ्या, त्याला भुंगा लागत नाही असं ती म्हणायची. का लागत नाही ते मी विचारलं नाही, कारण विचारलं की ती मलाच वाजवून बघायची. आणि तोडलेलं लाकूड सावलीत वाळवा. उन्हात घाई केली तर फळी तडकते.

बरगड्यांसाठी सरळ लाकूड कापून वाकडं करू नये, वाकडीच फांदी शोधावी. तिचं म्हणणं, "होडयेक सरळ माणूस चलता, सरळ लाकूड चलणा नाय." म्हणून मी होडीच्या पोटाच्या आकाराची एक तार वाकवून घेतली आणि गावभर उंडीच्या झाडांखाली मान वर करून हिंडलो. लोकांनी माझ्या बायकोला विचारलं, म्हातारा बरा आहे ना?

त्यातली एक फांदी तिला पसंत नव्हती. म्हणाली, ही तडकणार. मी हट्टाने तीच बसवली. आणि सांगायला आनंद होतो, ती तडकली नाही. मी रोज तिला ते दाखवायचो. ती बरगडीकडे बघायची आणि म्हणायची, "दिस खंय सरले?" ती बरगडी अजून शाबूत आहे, आणि वयनी मरेपर्यंत त्याबाबत तिचं मत बदललं नाही.

फळी वाकवायची तर खाली नारळाच्या सोडणांचा मंद विस्तव आणि वर भिजवलेली गोणपाटं. फळी तापते, नरम होते, मग दोरीने हळूहळू ओढायची. मी पहिल्याच दिवशी जोर लावला आणि फळी काड्कन मोडली. ती पडवीतून ओरडली, "घोवाक वळवतत तशी वळवची, भावजीनू! एका दिसात खंय वळता तो?" माझी बायको तिथेच होती. तिने मान हलवली. दोघींनी मिळून मग मला फळी वळवायला शिकवलं आणि मी जाणूनबुजून दुसरीकडे बघत राहिलो.

खिळे जस्त चढवलेले घ्या. साध्या काळ्या लोखंडाला खारं पाणी खातं, आणि गंजलेला खिळा आजूबाजूचं लाकूड खातो. तयार होडीला काजूच्या टरफलाचं तेल पाजा, पण हाताला कापड गुंडाळून, ते कातडी भाजतं. मी गुंडाळलं नव्हतं. पुढचे काही दिवस मी दोन्ही हात हवेत धरून जेवायला बसत होतो आणि बायको घास भरवत होती. संदीप येऊन बघून गेला, हसला तो घरी जाऊन. चांगला मुलगा, म्हटलं ना.

हे होईतो श्रावण लागला. होडी मांगरात छपराखाली उभी, उन्हाळाभर वाळून खडखडीत झालेली. सांधे भरायचे तेवढे राहिले. नेमकी तेव्हा भागीवयनीची नात विजयदुर्गला बाळंत व्हायची होती, म्हणून तिला जावं लागलं. जाताना मला समोर बसवून सांगितलं, "कापूस मऊ वळा. सांद्यात बसवा, पण ठासून भरू नका. लाकडाक फुगाक जागा ठेवा. आदी वायच पाणी गळतला, गळांदे. होडी पाणी पिता, मगे आपसूक तोंड मिटता."

मी "होय, होय" म्हणालो. पण ज्याने लिलावात तसा शब्द दिलाय, त्याची होडी पहिल्याच दिवशी गळताना लोकांनी बघायची? मी कापसाची वात दुप्पट जाड वळली आणि लाकडी हातोडीने सांध्यात अशी ठोकली की सुईचं टोक आत जाऊ नये. वरून राळ ओतली. मग चार माणसं बोलावून होडीत घागरी ओतल्या. थेंब बाहेर आला नाही. मी कमरेवर हात ठेवून म्हणालो, "बघा. मेस्त्री नाय, कोण नाय. एकट्यान." पुनवेला अजून आठवडा होता. त्याच दिवशी होडी खाडीत घातली आणि किनाऱ्याला बांधली. आत कोरडी ठणठणीत. मी संदीपला विचारलं, उशी हवी का तुला बसायला?

त्याचं उत्तर होडीने दिलं. कोरडं लाकूड पाणी पीत होतं, फुगत होतं. फुगायला जागा नव्हती, कारण मी ती कापसाने बुजवून टाकली होती. फळ्या एकमेकींना ढकलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, लिलाव भरात असताना, नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. खालची फळी खिळ्यांसकट बरगड्यांवरून सुटली. माझी होडी बांधल्या जागी, सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, जशी म्हातारी बाई जमिनीवर बसते तशी खाली बसली.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. संदीपने आपली बादली आणली, दोरी लावली आणि माझी होडी ओढून वाळूवर घेतली.

मी दोन दिवस घरातून बाहेर पडलो नाही. जाळी काढून पडवीत ठेवली. विकायची तर कोणाला, हेच डोक्यात. बायकोने शेवटी विजयदुर्गला फोन लावला, आणि भागीवयनी नातीच्या बाळाच्या बारशालाही न थांबता परत आली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ती थेट वाळूवर गेली. सुटलेली फळी बघितली, सांध्यातला कापूस नखाने काढायला गेली, निघेना.  

मग म्हणाली, "रे बाबल्या, कापूस ठासलंस तो कोणाच्या भयान?"

मी म्हणालो, "लोका हसतली म्हणान."

"लोका हसतत ती होडयेत बसणत नाय रे. होडयेत तू बसतलंस."

एवढंच. ती होडीत उतरून बसली, वाळूवरच्या होडीत, गुडघे दुखत असताना, आणि लोखंडी आकडीने कापूस उपसायला लागली. मी समोर बसलो. सगळे सांधे उघडे करायला आम्हाला वेळ लागला. संदीपने फळी परत जागेवर दाबून धरली, मी नव्या भोकांतून नवे खिळे मारले. मग तिने स्वतः वात वळली. पिंजलेली, भुसभुशीत, गालाला लावून बघितलेली. सांध्यात ती अशी बसवली की जणू बाळाच्या अंगावर दुपटं घालते. हातोडी नाही, लाकडाची बोथट पाचर आणि हाताचा दाब. राळही पातळ.

"झाला?" मी विचारलं.

"झाला. आता तिका बुडय."

मला वाटलं टोमणा आहे. पण तो टोमणा नव्हता. "पाण्यात घाल, दगड भर आणि बुडय. पाणी पिवन तोंड मिटांदे. मगे वर काड."

"वयनी, पुनव परवा आसा! सगळो गाव नारळ घेवन येतलो हंय!"

"मगे लवकर बुडय."

चांगली, दुरुस्त केलेली होडी मी स्वतःच्या हाताने पाण्यात ढकलली, एकेक दगड आत ठेवला आणि पाणी काठावरून आत शिरताना बघत उभा राहिलो. माणसाने आयुष्यात किती हट्ट करावा याचा हिशेब मी त्या वेळी प्रथमच मनातल्या मनात केला, आणि मध्येच सोडून दिला.

पुनवेला सगळा गाव किनाऱ्यावर. सोनेरी कागदात गुंडाळलेले नारळ, बाया, पोरं. माझी होडी पाण्याखाली. फक्त तिचं टोक वर दिसत होतं, एखाद्या सुसरीच्या नाकासारखं.

"काय बाबलीकाका," कोणीतरी सुरुवात केलीच, "होडी परत बुडली?"

मी काही बोलायच्या आत भागीवयनी पुढे झाली. "बुडली नाय. पयल्या टायमाक बुडली, ह्या टायमाक आमी बुडयली. आणि तेना काय सांगलेला? पुनवेक होडी पाण्यात आसतली. आसा मा पाण्यात? तुझ्या डोळ्याक आणखी कितकी पाण्यात होयी?"

लोक हसले. मोकळं हसले. आणि आपणच पंच असल्यासारखे उभे असलेले दोघे-तिघे म्हातारे खरोखर विचारात पडले, कारण शब्द तर तसाच दिलेला होता. मी माझा नारळ बुडालेल्या होडीवरच सोडला.

पुढच्या आठवड्यात दगड काढले, पाणी उपसलं. मी आणि संदीप उपसत होतो, ती काठावर. होडी वर आली. आता आत पाणी येतं की नाही? आम्ही तिघे वाकून बघत राहिलो. तळाशी, एका सांध्यातून, घामासारखं थोडं पाझरलं आणि थांबलं. तिने टकटक केली. होडी खणकन बोलली. वयनीने मान हलवली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली.

जाळी विकावी लागली नाहीत. पहिल्या दिवशी थोड्या शेंगट्या आणि एक बऱ्यापैकी तांबोशी मिळाली. तांबोशी तिने न विचारता उचलली.

त्याच वर्षी थंडीत तिचे गुडघे पार गेले. लेक तिला कायमची विजयदुर्गला न्यायला आली. वयनी तिकडेच वारली, मला फोनवरच कळलं. म्हणजे मी तिला शेवटचं बघितलं ते लेक नेत होती तेव्हाच.

आमच्या बाजूचा रस्ता खणून ठेवलेला होता, म्हणून लेकीने रिक्षा पलीकडच्या काठावर उभी केली आणि वयनीला पाण्यावरून न्यायचं ठरलं. संदीप म्हणाला, मी सोडतो. वयनी म्हणाली, "बादलयेतसून मी जावचंय नाय." म्हणून माझ्या होडीने.

पाण्याशी आली आणि थबकली. पाय पुढे येईना.

"काय झाला, वयनी?"

"पाय खंय ठेवचो? मदी काय कडेक?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं. "वयनी, पाण्यातल्या होडयेत कदी बसलात नाय?"

"बसान कशाक? होडी लोकांची. आमचा काम काठार सरता."

मी हात दिला. ती मधल्या फळीवर बसली, दोन्ही बाजू घट्ट पकडून.  खाडीच्या मध्यापर्यंत पाण्याकडे बघेना. मग तळाशी साचलेलं ओंजळभर पाणी तिला दिसलं. वाकली, बोट बुडवलं आणि म्हणाली, "आजून पिता आसा." तेवढ्याने तिचे खांदे सैल झाले.

पलीकडे लेकीने तिला उतरवून घेतलं. लुगड्याचा काठ ओला झाला होता. मी होडी फिरवली, तशी ती मागून ओरडली.

"डाव्या अंगाक कलता रे!"

मला राग आला. "होडी सुतात आसा, वयनी!"

"होडी सुतात आसा. तूच वाकडो बसतंस! वायच उजवीकडे सर."

मी सरकलो.

"आजून."

मी सरकलो.

"आजून वायच. हां. आता जा."

लेक हाक मारत होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी वल्हवत खाडीच्या मध्यावर आलो तरी ती काठावर तशीच उभी होती, काठीवर रेलून, एक डोळा मिटून, मी सरळ जातो की नाही ते बघत.